वाळू तिथेच राहू द्या! सार्डिनिया : किनारे, भाकरी आणि हातमाग

ऑगस्ट २०१९. इटलीच्या सार्डिनिया बेटावरील पोर्तो तोरेस बंदरात फ्रान्सकडे निघालेल्या बोटीत चढण्याच्या बेतात असलेली एक मोटार पोलिसांनी अडवली. तिच्या डिकीत १४ प्लॅस्टिकच्या बाटल्या निघाल्या आणि त्या बाटल्यांत होती सुमारे ४० किलो वाळू. बेटाच्या दक्षिण टोकाला असलेल्या किया येथील किनाऱ्यावरून ती भरून घेतली होती. सुट्टीची आठवण म्हणून वाळू घरी नेत आहोत, असे त्या फ्रेंच जोडप्याचे म्हणणे होते. पोलिसांच्या लेखी ती चोरी होती. ही बातमी जगभरच्या वृत्तपत्रांत छापून आली आणि अनेकांनी ती गंमत म्हणून वाचली.

सार्डिनियातील माणसाला मात्र त्यात गंमत वाटत नाही. 'जो समुद्रातून येतो, तो चोरायलाच येतो,' अशा अर्थाची एक म्हण या बेटावर पूर्वापार रूढ आहे. फिनिशियन आले, कार्थेजचे लोक आले, इसवी सनपूर्व २३८ मध्ये रोमन आले. त्यानंतर व्हँडल, बायझंटाइन, पिसा आणि जिनोआची व्यापारी राज्ये, स्पेनचे राजे आणि १७२० पासून सव्हॉयचे घराणे, अशी राज्यकर्त्यांची रांगच लागली. प्रत्येकाने काही ना काही नेले. आता समुद्रातून येतो तो पर्यटक. त्याने काय न्यावे आणि काय नेऊ नये, हा या बेटापुढचा आजचा प्रश्न आहे. सार्डिनिया पाहायला जाणाऱ्याला त्याचे उत्तर ठाऊक असेल, तर त्याचा प्रवासही अधिक अर्थपूर्ण होतो.

डोंगराकडे तोंड, समुद्राकडे पाठ

भूमध्य समुद्रातील बेटांत सिसिलीखालोखाल सार्डिनियाचा क्रमांक लागतो. क्षेत्रफळ सुमारे २४ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या कोकण विभागापेक्षा काहीसे लहान. लोकसंख्या मात्र साडेपंधरा लाखांच्या आसपास. १९४८ पासून हा इटलीचा स्वायत्त प्रदेश आहे. काल्यारी ही त्याची राजधानी. येथील सार्ड भाषा इटालियनची बोली नसून स्वतंत्र भाषा मानली जाते आणि १९९९ च्या कायद्याने इटलीने तिला अल्पसंख्याकांची भाषा म्हणून मान्यता दिली आहे. १९२६ चे साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या ग्रात्सिया देलेद्दा याच बेटावरील नुओरो गावच्या.

एवढा लांबलचक किनारा लाभूनही सार्डिनियाची मूळ संस्कृती दर्यावर्दी नाही. ती मेंढपाळांची आहे. किनाऱ्यावर चाच्यांचे भय होते आणि पाणथळ जागांत मलेरिया ठाण मांडून होता. त्यामुळे माणसे आत, डोंगरात राहिली. बेटावर ठिकठिकाणी दिसणारे, चुन्याशिवाय दगडावर दगड रचून बांधलेले 'नुरागे' नावाचे बुरूज साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीची साक्ष देतात. असे सुमारे सात हजार बुरूज आज शिल्लक आहेत आणि त्यांपैकी बारूमिनी येथील समूह १९९७ पासून जागतिक वारसा यादीत आहे. डोंगरात कोरलेल्या प्रागैतिहासिक दफनगुहांचाही २०२५ मध्ये त्या यादीत समावेश झाला. या गुहांना स्थानिक लोक 'दोमुस दे जानास' म्हणजे पऱ्यांची घरे म्हणतात. या पऱ्या सोन्याच्या मागावर कापड विणत बसतात, अशी लोककथा आहे. विणकामाला या बेटाने किती उंच स्थान दिले, हे त्यावरून कळते.

१९४६ ते १९५० या काळात रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने मोठी मोहीम राबवून बेटावरून मलेरियाचे उच्चाटन करण्यात आले. त्यानंतर किनारा राहण्याजोगा झाला आणि जगाचे लक्ष तिकडे वळले.

पुण्याशी जोडलेला एक धागा

त्या किनाऱ्याचे भाग्य पालटणाऱ्या माणसाचे नाव महाराष्ट्राला परके नाही. इस्माइली पंथाचे धर्मगुरू करीम आगा खान (चौथे) यांनी ईशान्य किनाऱ्यावरील ओसाड जमीन काही गुंतवणूकदारांसह मेंढपाळांकडून विकत घेतली आणि १९६२ मध्ये 'कोस्ता स्मेराल्दा' म्हणजे पाचूचा किनारा या पर्यटनस्थळाची उभारणी सुरू केली. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले. ज्या वास्तूत महात्मा गांधी आणि कस्तुरबा स्थानबद्ध होते आणि जिथे १९४४ मध्ये कस्तुरबांनी अखेरचा श्वास घेतला, तो पुण्यातील आगाखान पॅलेस १९६९ मध्ये भारतीय जनतेला देणारे आगा खान हेच.

सार्डिनियात खडकाळ किनाऱ्याची जमीन शेतीला निरुपयोगी म्हणून मुलींच्या वाट्याला आणि आतली कुरणे मुलांच्या वाट्याला येत, असे सांगितले जाते. पर्यटन आले आणि मुलींच्या वाट्याची जमीन सोन्याच्या मोलाची झाली. कोस्ता स्मेराल्दाच्या बांधकामावर आरंभापासून कडक नियम होते. इमारती बुटक्या हव्यात, रंग मातीशी मिळतेजुळते हवेत, विजेच्या तारा जमिनीखालून न्याव्यात. त्यामुळे तिथे सिमेंटचे मनोरे उभे राहिले नाहीत. तरीही किनाऱ्यावरील श्रीमंती आणि डोंगरातील गावांचे रिकामे होत जाणे यांतील अंतर वाढत गेले. इतरत्र बेसुमार बांधकामे होऊ लागली, तेव्हा प्रादेशिक सरकारने २००४ मध्ये किनाऱ्यापासून दोन किलोमीटरच्या पट्ट्यातील नव्या बांधकामांना स्थगिती दिली आणि २००६ मध्ये किनारपट्टीच्या संरक्षणाचा आराखडा लागू केला.

तिकीट लावलेले किनारे

सार्डिनियाचे किनारे एकसारखे नाहीत. पश्चिमेच्या सिनिस द्वीपकल्पातील इस अरुतास येथे पुळण गारगोटीच्या कणांची आहे. पांढरे, गुलाबी, हिरवट असे तांदळाच्या कणीएवढे दाणे पायाखाली सरकतात. पूर्वेकडील काला गोलोरित्झे ही चुनखडीच्या कड्याखालची चिमुकली खाडी. तिच्यावर १४३ मीटर उंचीचा दगडी सुळका उभा आहे. तिला नैसर्गिक स्मारकाचा दर्जा मिळालेला आहे. तिथे बोटींना किनाऱ्याला लागता येत नाही. गोल्गोच्या पठारावरून तासाहून अधिक काळ डोंगर उतरून जावे लागते आणि दिवसाला केवळ २५० जणांनाच, तेही आधी नोंदणी करून, प्रवेश मिळतो.

वायव्येकडील स्तिंतिनोजवळची ला पेलोसा ही उथळ, निळ्याशार पाण्याची पुळण. इथे २०२० पासून उन्हाळ्यात दिवसाला १५०० पर्यटकांची मर्यादा आहे. साडेतीन युरोचे तिकीट आधी काढावे लागते. वाळूवर नुसता टॉवेल अंथरण्यास मनाई आहे, खाली चटई हवीच. कारण ओल्या टॉवेलला चिकटून दररोज किती वाळू किनाऱ्यावरून जाते, याचा विचार करणे तिथल्या नगरपालिकेला भाग पडले.

सर्वांत कडक निर्बंध ला माद्दालेना द्वीपसमूहातील बुदेल्ली बेटावर आहेत. तिथला 'गुलाबी किनारा' १९६४ मध्ये आंतोनिओनी यांच्या 'इल देझेर्तो रोस्सो' या चित्रपटात झळकला आणि प्रसिद्धी हाच त्याला शाप ठरला. ती गुलाबी छटा एका सूक्ष्म सागरी जिवाच्या कवचाच्या चुऱ्यामुळे येते. पर्यटकांनी मुठी भरभरून वाळू नेली आणि रंग फिका पडत गेला. १९९४ मध्ये येथे राष्ट्रीय उद्यान झाले. आज या पुळणीवर पाऊल ठेवता येत नाही, लांबूनच ती पाहावी लागते. मावरो मोरांदी नावाचे गृहस्थ १९८९ पासून २०२१ पर्यंत या बेटावर एकटेच राखणदार म्हणून राहिले. अनेक वर्षांपूर्वी नेलेली वाळू पश्चात्तापाच्या पत्रासह टपालाने परत पाठवणारे पर्यटकही आहेत.

मूठभर वाळूने काय बिघडते, असे कोणी म्हणेल. या किनाऱ्यांवरील वाळू मोठ्या नद्यांनी वर्षानुवर्षे आणून टाकलेली नाही. बरीचशी शंखशिंपल्यांच्या आणि खडकांच्या झिजेतून हजारो वर्षांत साचलेली आहे. लाखो पर्यटकांनी एकेक मूठ नेली, तर ती भरून निघण्याचा वेग त्याला पुरत नाही. म्हणूनच २०१७ च्या प्रादेशिक कायद्याने वाळू, गोटे किंवा शिंपले नेणाऱ्यास ५०० ते ३००० युरो दंडाची तरतूद केली. विमानतळांवर जप्त झालेली वाळू पुन्हा मूळ किनाऱ्यावर नेऊन टाकण्याचे काम स्वयंसेवक करतात.

किनाऱ्यावर तपकिरी, वाळलेल्या पानांचे ढीग दिसले, तर नाक मुरडू नये. ती पोसिडोनिया या समुद्री वनस्पतीची पाने. पाण्याखाली तिची कुरणे लाटांचा जोर मोडतात आणि किनाऱ्यावर साचलेले ढीग हिवाळी वादळांत वाळू वाहून जाऊ देत नाहीत. जिथे तिची कुरणे आहेत, तिथेच पाणी एवढे नितळ दिसते.

मेंढपाळाची शिदोरी

किनाऱ्यावरील हॉटेलांत मासे मिळतात, काब्रास गावची बोईच्या जातीच्या माशांची खारवलेली, वाळवलेली गाबोळी म्हणजे 'बोत्तार्गा' प्रसिद्ध आहे. परंतु बेटाचे खरे अन्न डोंगरातले आहे. त्याचा पाया 'पाने करसाऊ' ही कुरकुरीत भाकरी. गव्हाच्या रव्याची आंबवलेली कणीक पातळ लाटून अतिशय तापलेल्या लाकडाच्या भट्टीत टाकली की ती फुग्यासारखी टम्म फुगते. मग सुरीने कडेने कापून तिचे दोन पापुद्रे वेगळे करतात आणि ते पुन्हा भाजतात. फुगलेल्या भाकरीचा पापुद्रा ज्याने उचलला आहे, त्याला ही कृती परकी वाटणार नाही. महिनोन् महिने टिकणारी ही भाकरी मेंढ्यांमागे भटकणाऱ्या धन्याची शिदोरी होती. ती करणे मात्र एकटीचे काम नव्हे. नातलग आणि शेजारणी जमत, भट्टीभोवती तासन् तास काम चाले. टोमॅटोचा रस्सा, चीज आणि अंडे घालून तिचेच 'पाने फ्रात्ताऊ' होते.

ओल्यास्त्रा भागातील 'कुलुर्जोनेस' पाहिल्यावर मराठी माणसाला उकडीचा मोदक आठवल्यावाचून राहणार नाही. बटाटा, मेंढीच्या दुधाचे चीज आणि पुदिना यांचे सारण पिठाच्या पारीत भरून, चिमटी-चिमटीने कळ्या पाडत ती गव्हाच्या ओंबीसारखी मिटवतात. ही मुरड हातानेच घालायची असते. युरोपीय संघाने या पदार्थाला भौगोलिक मानांकन दिले आहे.

याहून अवघड कला आहे नुओरोची. 'सु फिलिंदेऊ' म्हणजे देवाचे धागे. रवा, पाणी आणि मीठ यांच्या मऊसूत कणकेची वळकटी हातांनी ओढून दुमडायची, पुन्हा ओढायची. आठ वेळा असे केले की केसासारखे २५६ धागे होतात. ते विणलेल्या गोल थाळीवर एकमेकांना छेद देत तीन थरांत पसरून उन्हात वाळवतात. लुला गावच्या संत फ्रान्सिसच्या उत्सवाला नुओरोहून रात्रभर पायी येणाऱ्या यात्रेकरूंना मेंढीच्या मांसाच्या रश्शात ते वाढले जातात. कणकेत पाणी किती आणि मीठ कधी, हे बोटांनाच कळते. ही कला जाणणाऱ्या स्त्रिया आज थोड्याच उरल्या आहेत.

चीज हा तर या बेटाचा प्राण. बेटावर माणसांपेक्षा मेंढ्या अधिक, सुमारे ३० लाख आहेत. नावात रोम असलेले 'पेकोरिनो रोमानो' चीजही प्रामुख्याने इथेच तयार होते. मात्र त्या चीजचा भाव आणि दुधाचा भाव यांचे गणित मेंढपाळाच्या हाती नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये मेंढीच्या दुधाला लिटरमागे जेमतेम ६० सेंट मिळू लागले, तेव्हा मेंढपाळांनी कॅनच्या कॅन रस्त्यावर ओतले. लिटरला एक युरो द्या, ही त्यांची मागणी होती. दुधाच्या भावासाठीची अशी आंदोलने पाहिलेल्या महाराष्ट्राला ते दृश्य ओळखीचेच वाटावे.

जेवणाचा शेवट 'सेआदास'ने करावा. आत ताजे चीज भरून तळलेली ही मोठी पुरी वरून कडवट मध ओतून गरमागरम खातात. शाकाहारी प्रवाशाने मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पारंपरिक चीज साकळण्यासाठी कोकराच्या किंवा वासराच्या जठरातील विकर वापरतात आणि काही पिठांत चरबी घालतात. आधी विचारून घेणे बरे.

जे न्यावे ते हातांनी घडलेले

वाळू नेली की बेट उणे होते. हातमागावरची एखादी चादर नेली, तर ते काम पुढच्या वर्षीही चालू राहते. बेटाच्या मध्यभागी असलेल्या सामुगेओ गावात आजही माग चालतात. 'पिबिओनेस' हे तिथल्या विणीचे नाव, आणि पिबिओने म्हणजे द्राक्षाचा मणी. आडवा धागा बारीक सळईवर गुंडाळून कापडावर मण्यांसारखे उंचवटे उठवले जातात आणि त्यातून पक्षी, हरणे, फुले साकारतात. १९५७ मध्ये प्रादेशिक सरकारने कारागिरांना आधार देण्यासाठी 'इसोला' ही संस्था काढली होती. ती आता राहिलेली नाही. गावातील वस्त्रसंग्रहालय, प्रदर्शने आणि थेट येणारा ग्राहक यांवर आज विणकरांची मदार आहे. उलास्साई गावच्या मारिया लाई (१९१९–२०१३) यांनी हाच धागा कलेत आणला. १९८१ मध्ये त्यांनी गावकऱ्यांसह सुमारे २७ किलोमीटर निळी फीत घराघरांतून नेऊन सारे गाव डोंगराशी बांधले.

पत्तादा गावची घडीची सुरी हे मेंढपाळाचे हत्यार. पाते मिर्त झुडपाच्या पानाच्या आकाराचे, मूठ मेंढ्याच्या शिंगाची. एकाच कारागिराच्या हातून ती पूर्ण होते. विकत घेतल्यास विमानात ती हातातील सामानात नेता येत नाही, हे लक्षात ठेवावे.

गाल्लुरा भागात कालांजानुस हे बुचाच्या उद्योगाचे गाव. हा बुचाचा ओक वृक्ष, आपल्याकडच्या पांढऱ्या फुलांच्या बुचाच्या झाडाशी त्याचे नाते नाही. झाड न तोडता त्याची साल सोलतात. पहिली सोलणी झाड पंचविशी-तिशीत आल्यावर, आणि पुढची सुमारे दर दहा वर्षांनी. बाप झाड लावतो, उत्पन्न मुलगा घेतो, असा हा व्यवहार.

आल्गेरो शहराची ओळख पोवळ्यांची. भूमध्य समुद्रातील लाल पोवळ्याला भारतात मोठी मागणी असल्याचे रोमन लेखक प्लिनीने इसवी सनाच्या पहिल्या शतकातच नोंदवले आहे. सतराव्या-अठराव्या शतकांत इटलीतील लिव्होर्नोचे ज्यू व्यापारी हे पोवळे गोव्याला पाठवत आणि बदल्यात हिरे घेत. मंगळाचे रत्न म्हणून आपल्याकडे बोटात घातले जाणारे पोवळे अनेकदा याच समुद्रातून आलेले असे. पूर्वी लाकडी क्रॉसला जाळी बांधून समुद्रतळ खरवडला जाई. आता त्यावर बंदी असून परवानाधारक पाणबुड्यांनाच ठरावीक खोलीवर पोवळे काढता येते. त्यामुळे खऱ्या पोवळ्याचा दागिना महाग असतो. स्वस्तात मिळाला, तर तो रंगवलेला असण्याची शक्यता अधिक.

आणि एक कला अशी की जी विकत घेताच येत नाही. सांत आंतिओको येथे 'बिस्सो' म्हणजे सागरी रेशीम विणले जाई. समुद्रतळाला चिकटून राहण्यासाठी 'पिन्ना नोबिलिस' हा हातभर लांब शिंपला जे तंतू सोडतो, ते स्वच्छ करून कातले की उन्हात सोन्यासारखे चमकतात. १९९२ पासून या शिंपल्याला युरोपीय कायद्याचे संरक्षण आहे. परंतु २०१६ पासून एका परजीवीच्या साथीने भूमध्य समुद्रातील पिन्नांची वस्तीच्या वस्ती मरून गेली आणि २०१९ मध्ये त्याची नोंद नष्टप्राय प्रजातींत झाली. जुने तंतू आणि ते कातणारी बोटे अजून आहेत. नवा तंतू मात्र मिळत नाही. संग्रहालयात काचेमागे ठेवलेले ते लहानसे कापड पाहून परतावे लागते.

केव्हा आणि कसे जावे?

सार्डिनियासाठी शेन्गेन व्हिसा लागतो. मुंबईहून रोम किंवा मिलानमार्गे काल्यारी, ओल्बिया अथवा आल्गेरो येथे विमानाने जाता येते. चिवितावेक्किया, लिव्होर्नो आणि जिनोआ येथून रात्रभराच्या बोटीही आहेत. जुलै-ऑगस्टमध्ये, त्यातही १५ ऑगस्टच्या सुट्टीच्या आठवड्यात, गर्दी आणि दर दोन्ही शिगेला पोहोचतात. मे-जून आणि सप्टेंबर हे महिने उत्तम. सप्टेंबरात समुद्राचे पाणी अजून उबदार असते. आतील गावांना बसगाड्या कमी असल्याने भाड्याची मोटार सोयीची, त्यासाठी आंतरराष्ट्रीय वाहन परवाना सोबत ठेवावा. मर्यादित प्रवेशाच्या किनाऱ्यांची नोंदणी आधीच करावी आणि त्या वर्षीचे नियम तपासून पाहावेत.

हस्तकला आणि खाद्यसंस्कृती पाहायची असेल, तर शरद ऋतू गाठावा. सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत बार्बाजा या डोंगराळ भागातील गावे पाळीपाळीने शनिवार-रविवारी आपल्या घरांची अंगणे पाहुण्यांसाठी खुली करतात. 'कोर्तेस अपेर्तास' असे या उपक्रमाचे नाव. एका अंगणात भट्टीतून करसाऊ निघत असते, दुसऱ्यात माग चालतो, तिसऱ्यात चीज साकळत असते. भाव तिथेच विचारता येतो आणि पैसे दलालाच्या हाती न पडता थेट करणाऱ्याच्या हाती पडतात. चार महिन्यांच्या उन्हाळी गर्दीने जे साधत नाही, ते अशा एका शनिवारी साधते.

डोंगरातील अनेक गावांतून तरुण निघून गेले आहेत. ओल्लोलाई गावाने तर २०१८ मध्ये रिकामी घरे एका युरोला देऊ केली. अशा गावात जाऊन चटई विकत घेणारा, भाकरी खाणारा, एक रात्र मुक्काम करणारा प्रवासी त्या गावाला आणखी काही दिवस जागते ठेवतो. समुद्रातून येणाऱ्याविषयीची ती जुनी म्हण खोटी ठरवणे एवढे सोपे आहे. परतताना पायातले बूट तेवढे किनाऱ्यावरच नीट झटकावेत.